ब्रँडीच्या कार्डावरची पांधण

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मी दारूची कॉकटेल बनवते आणि त्यावर माझं पोट चालतं. ही तीन वाक्यं मी निरनिराळ्या लोकांसमोर निरनिराळ्या क्रमाने म्हटली आहेत. क्रम कसाही लावला तरी एकही वाक्य खोटं ठरत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी काही जात नाही.

काम नागपुरात, एका बारमध्ये आहे. जिल्ह्याच्या हद्दीत मी आजवर एक थेंबही नेलेला नाही. गावी जाताना पिशवीत काय आहे हे मी न विचारता दाखवते. या कामाआधी नऊ वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते, जिल्हा पानावर. तिथे एक नियम शिकले: ज्या रस्त्याने कोणी गेलेलं नाही, त्या रस्त्याचं वर्णन छापायचं नाही. बातमीदार स्वतः गेला नसेल तर जाऊन आलेला माणूस शोधायचा. डेस्क सोडला, नियम सुटला नाही. पुढे जे झालं ते या नियमामुळे झालं.

या लेखात कोणाचंही नाव नाही. आमच्या गावाचंही नाही. ते हिंगणघाट तालुक्यात आहे एवढं पुरे. बारच्या कार्डावर, म्हणजे पेयांच्या यादीवर, मात्र ते आहे.

बारच्या मालकाला हिवाळ्यासाठी ब्रँडीचं वेगळं कार्ड हवं होतं. तो मूळचा नागपूरचा, वयाने माझ्याएवढाच, पण मला ताई म्हणतो.

"ताई, लोकं ब्रँडीले सर्दीची दवा समजते. त्यायले समजवून सांगा लागन का ही पण दारू आहे. बाहेरदेशात कोण्या बारवाल्यानं जुन्या जुन्या रस्त्यांवर कॉकटेल बनवले म्हणते. आपण सिल्क रूट करू."

"सिल्क रूट नागपुरातून गेलेला नाही."

"कोन पाहाले जाते यार?"

"मी."

तो हसला. मग म्हणाला, "मंग तुह्या जिल्ह्यावर बनव एक. ड्राय डिस्ट्रिक्ट. रिकामा गिलास देऊ, वरतून लिंबाची फोड."

मी नाही म्हटलं. दारूने बसलेल्या घरांत मी पंगतीला बसलेली आहे. त्या घरांमधल्या बायकांना बंदी हवी आहे आणि त्यांना ती का हवी आहे हे मला माहीत आहे. त्यांची थट्टा विकणार नाही, असं मी त्याला सांगितलं. दारू विकणारी बाई हे कोणत्या तोंडाने बोलते, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. याच तोंडाने, असं माझ्या चेहऱ्यावर असावं. त्याने विषय सोडला.

रस्ते मात्र मला पटले होते. आमच्या भागातले जुने रस्ते. हायवे होण्याआधी वडनेरवरून जाणारी सडक. अल्लीपूरकडची बंडीची वाट. बंडी म्हणजे बैलगाडी. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला पायी जाणाऱ्यांची वाट. आणि आमच्या गावची पांधण, म्हणजे वावरांमधून बाजारापर्यंत जाणारी काळ्या मातीची गाडीवाट. चार रस्ते, चार ग्लास. या चारही वाटांनी गेलेला एक माणूस मला माहीत होता. माझे वडील.

बाबांचं गावात किराणा दुकान आहे. त्यांचे वडीलही हाच धंदा करत, पण बंडीतून. मीठ, गूळ, सुपारी, घासलेट भरून आठवडी बाजार धरत. बाबा सातआठ वर्षांचे असल्यापासून पोत्यांवर बसून सोबत जात. ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. समिती लहान, पण बाबा ती फार मनापासून चालवत. दारू त्यांनी कधी चाखलेली नाही.

डेस्कवर एक सवय असते: ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याला ती कशासाठी हवी ते आधी सांगायचं. मी रविवारी गेले आणि दुकानातच सांगितलं.

"बाबा, तुमी आजोबासंग बंडीनं ज्या वाटांनी जात होते, त्या मले पायजे. पेपरासाठी नाई. दारूच्या कार्डासाठी."

ते तुरीची डाळ मोजत होते. पुडी बांधली, गिऱ्हाईक गेलं, मग बोलले.

"म्हंजे माह्या बापाची वाट तू गिलासात टाकनार."

"वाट नाई. वाटेचं नाव."

"मी समितीचा अध्यक्ष आहो. मालूम आहे ना तुले?"

"मालूम आहे. म्हून तं पयले सांगतलं."

"मंग माहं बी आयक. नाई सांगत."

आतून आईचा आवाज आला. "नकाच सांगू. तिनं चुकीचं छापलं का मंग आठ दिवस भाकर गोड लागनार नाई तुमाले."

आईला नवरा आणि मुलगी दोघंही नीट ठाऊक आहेत. मी कार्डाचा मसुदा काट्याजवळ ठेवला आणि जेवायला आत गेले. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवला. चुकीची ओळ समोर असताना गप्प बसू शकणारा माणूस मी डेस्कवर पाहिला नाही आणि आमच्या घरातही नाही.

जेवून आले तेव्हा कागदावर दुकानाच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मसुद्यात वडनेरच्या सडकेवर मी कडुनिंब लावले होते. ते खोडून लिहिलं होतं: चिंचा. दोन्ही अंगाले. अल्लीपूरच्या वाटेवर मी आषाढात कापसाच्या बंड्या चालवल्या होत्या. त्या ओळीखाली दोन रेघा होत्या आणि समासात प्रश्न: आषाढात कापूस कोन्या देशी निंगते? खाली आणखी एक: काळ्या मातीत पावसाळ्यात बंडी?

ही चूक माझी होती आणि ती लाजिरवाणी होती. काळ्या मातीच्या गावात वाढलेल्या मुलीने ती करायला नको होती. पाऊस लागला की आमच्या पांधणीत बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. आख्ख्या चौमाशात तिकडे कोणी गाडी घालत नाही. दुसऱ्याच्या बातमीत मी हे क्षणात पकडलं असतं. आषाढ हा शब्द वाक्यात बरा वाटला, एवढंच कारण होतं.

गिरडच्या ओळीवर त्यांनी ब्रँडी हा शब्द खोडला होता. बाजूला लिहिलं होतं: गिरडले जाताना दारू नाई. गूळ, सुंठ, लिंबू. पायी. आणि कागदाच्या अगदी खाली, जरा मोठ्या अक्षरात: मृग ते दसरा वाट बंद. तवा कार्ड बी बंद.

मी विचारलं, "हे मंजूर म्हनाचं काय?"

"मंजूर कायचं? चुका दुरुस्त केल्या." ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी सगळ्या दुरुस्त्या जशाच्या तशा घेतल्या. वडनेरच्या सडकेला ब्रँडी, चिंचेचा कोळ, गूळ आणि मिरी. अल्लीपूरच्या वाटेला ब्रँडी, अंबाडीच्या फुलांचा अर्क आणि मीठ, कारण बंडीत मीठ असे. आमच्या पांधणीला ब्रँडी, भाजलेले तीळ, संत्र्याची साल आणि वरून तुराटीचा धूर. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना तूर उभी असते आणि सकाळी माणसं तिच्या वाळल्या काड्या पेटवून शेकत बसतात. तुराट्यांची मोळी मी गावाहून बसने नेली.

"ताई," वाहक म्हणाला, "नागपुरात झाडू भेटत नाई काय?"

गिरडच्या ग्लासावरून मालकाशी भांडण झालं. ब्रँडीच्या कार्डावर बिनब्रँडीचा ग्लास कशाला, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, त्या वाटेने गेलेल्या माणसाने सांगितलं आहे. चार वाटा हव्या असतील तर चौथी अशीच आहे. नसतील तर तीन लाव, पण गिरडच्या नावावर दारू ओतणार नाही. तो दोन दिवस कुरकुरला आणि चारही लावल्या.

कार्डावरची आमची ओळ अशी होती: गावाचं नाव, पुढे पांधण, जिन्नस, आणि खाली, बाजाराची गाडीवाट, काळ्या मातीची, मृगापासून दसऱ्यापर्यंत बंद.

तीन आठवड्यांनी कोणीतरी कार्डाचा फोटो काढला आणि तो गावच्या ग्रुपवर गेला. बाबांचा फोन आला. "रविवारी येजो." एवढंच बोलून ठेवला.

रविवारी दुकानात दोघं बसलेले होते. एक धान्याचे व्यापारी, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र आणि समितीचे उपाध्यक्ष. दुसरे निवृत्त गुरुजी, ज्यांनी मला चौथीत शिकवलं. व्यापारीकाका मोबाईल पुढे धरून बोलले.

"बाई, हे तुवं काम आहे?"

"हो काका."

"दारूले गावाचं नाव? दुसरं गाव नाई भेटलं काय?"

"दुसऱ्या गावची पांधण मले मालूम नाई."

"हे पाय. नाव काढून टाक. तू ऐकत नसशीन तं तुह्या बापानं समिती सोडाव. दारूबंदीचा अध्यक्ष अन् पोरगी दारूवर गावाचं नाव छापते. लोकं हासून राह्यले आमाले."

मागणी स्पष्ट होती. एक तर नाव, नाही तर खुर्ची. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ती खुर्ची कशी सांभाळली हे मला ठाऊक होतं. कोणाचा नवरा पिऊन आला की त्याची बायको आधी आमच्या दुकानात येई. बाबा दुकान बंद करून तिच्यासोबत जात. त्या वेळी मी नाव काढते म्हटलं असतं तर त्यांनी मला अडवलं नसतं. मी म्हटलं नाही. ही नंतर सुचलेली समज नाही. तेव्हाही मला कळत होतं की किंमत माझ्या नाही, त्यांच्या खिशातून जाणार आहे.

गुरुजी मात्र मोबाईलमधल्या ओळीवर अडकले होते. "बाजाराची गाडीवाट लिवलं. पन विहिरीचं काऊन नाई लिवलं? पांधणीच्या उजव्या हाताले विहीर होती."

"डाव्या," बाबा म्हणाले.

"उजव्या. मी पोहलो तिच्यात."

"जाताना डाव्या, येताना उजव्या. तुमी येताना पोहले असान."

पुढची दहापंधरा मिनिटं तिघंही विहिरीवर बोलत होते. व्यापारीकाकांचं म्हणणं तिथे विहिरी दोन होत्या. मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं आणि त्यांनी आवाज चढवला. "विहीर राहू द्या! या गावाच्या येशीच्या आत दारूचं नाव कोनं घेतलं नाई आजलोक."

आई दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊजी, हळदीच्या डब्यामांगची बाटली आठवते काय?"

व्यापारीकाकांनी मोबाईल खाली ठेवला.

त्या बाटलीबद्दल मला माहीत होतं, पण ती आमच्यापुरती आहे असं मला वाटत होतं. दुकानाच्या फळीवर, हळदीच्या मोठ्या डब्याच्या मागे, ब्रँडीची चपटी बाटली असे. तिच्यावर कागद चिकटवलेला, त्यावर बाबांच्या अक्षरात: दवा. थंडीत जन्मलेल्या बाळाच्या छातीला चोळायला ती वापरत. माझा जन्म पौषातला. मलाही चोळली होती. परवाना नव्हता. कायद्याच्या भाषेत तो गुन्हाच होता आणि तो आमच्या घरात घडला, हे इथे लिहिलंच पाहिजे.

"तुमचा मोठा पोरगा जलमला तवा तुमीच न्याले आलते," आई म्हणाली. "वाटीत. झाकून. अन् गुरुजी, तुमच्या नातनीच्या वक्ताले कोन आलतं?"

"ते दवा होती," व्यापारीकाका म्हणाले.

"मी कुठी म्हनलं का दूध होतं?"

काट्याजवळ बाबा एक गोल दगड ठेवतात, सुपारीएवढा. गिरडच्या टेकडीवर असे पुष्कळ सापडतात. तिथल्या दर्ग्याच्या फकिराशी खोटं बोललेल्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, असं सांगतात. आमच्यासारख्या दुकानदारांच्या घरात ही गोष्ट जरा जास्त सांगतात. बाबांनी तो दगड उचलला आणि मित्रासमोर ठेवला.

"घे. हातात धर अन् मंग बोल का गावात ब्रँडी आली नाई."

व्यापारीकाकांनी दगडाला हात लावला नाही. पण हटलेही नाहीत. "ते येगळं, हे येगळं," ते म्हणाले. "तुहं काय म्हननं आहे ते सांग. नाव का खुर्ची?"

"वाट खरी आहे," बाबा म्हणाले. "माहा बाप तिच्यावरून गेला. मी गेलो. मी तपासून देल्ली ते ओळ. खरी ओळ मी खोडाले लावनार नाई. अन् समिती मी सोडत नाई. मी काय पेलो नाई, कोनाले पाजली नाई. तुमाले काढाचं असन तं काढा."

त्यांनी काढलं. पंधरा दिवसांनी सभा झाली आणि व्यापारीकाका अध्यक्ष झाले. हात वर करणाऱ्यांत गुरुजीही होते. बाबा पुढच्या सभेला गेले आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले. त्यानंतरच्याही सभेला गेले. तिथे त्यांना कोणी बोलावत नाही आणि उठवतही नाही. बायका अजून आधी आमच्याच दुकानात येतात. अध्यक्ष बदलल्याचं त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

मालकाकडेही गावातून फोन आले. तोही डगमगला.

"ताई, काय फरक पडते? व्हिलेज ट्रेल लिहून टाक ना."

"मग ते तू बनव. मी जाते."

"धमकी देऊन राह्यली काय?"

"नाही. माहिती देते आहे."

हे मी शांतपणे म्हटलं. आत शांत नव्हते. गावात एका माणसाने या नावासाठी खुर्ची घालवली होती आणि इथे ते पुसण्यासाठी एक खोडरबर पुरेसा होता. कार्ड राहिलं.

पौषात बाबा नागपूरला आले, दाताच्या डॉक्टरकडे. दुपारी बार उघडायच्या आधी मी त्यांना आत घेतलं. ते उंच स्टुलावर बसले नाहीत; खुर्ची मागितली. आधी भिंतीवरचं कार्ड वाचलं, बोट फिरवत, चारही ओळी. मी गिरडचा ग्लास दिला. त्यांनी दोन घोट घेतले.

"सुंठ कमी आहे."

मग म्हणाले, "ते पांधणीचं दाखव." मी बनवलं, तुराटी पेटवली, धूर धरला. त्यांनी ग्लास हातात घेतला नाही. वाकून वास घेतला.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "ब्रँडी नसती तं पेलो असतो."

"ब्रँडी नसती तं कार्डच नसतं, बाबा."

"मालूम आहे मले." त्यांनी गिरडचा ग्लास संपवला. त्या दिवसापासून त्यात सुंठ वाढवली आहे.

हिवाळा संपला तरी कार्ड भिंतीवर होतं. जूनमध्ये मृग लागला आणि मी ते उतरवलं. मालकाला वाटलं मी अखेर नमले. फोटो पुन्हा गावच्या ग्रुपवर गेला, या वेळी रिकाम्या भिंतीचा. व्यापारीकाका दुकानात पेढे घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, "पोरगी समजदार निंगाली." आयुष्यभर त्याच मातीत राहिलेल्या माणसाला कार्डावरची 'मृगापासून दसऱ्यापर्यंत बंद' ही ओळ वाचूनही अर्थ लागला नाही. बाबांनी पेढा घेतला. फोनवर मला म्हणाले, "मी काईच बोललो नाई. वाट बंद आहे, एवढंच म्हनलो."

"त्यायले समजलं नाई?"

"समजन."

दसरा झाला. मालक विचारू लागला. मी म्हटलं, वाट उघडणं पंचांगावर नाही, मातीवर आहे. यंदा पाऊस लांबला. दिवाळी गेली. मधल्या दिवसांत नव्या अध्यक्षांनी सभेत सांगितलं की गावाचं नाव आपण वाचवलं. बाबा पहिल्या रांगेत होते. तेव्हाही ते बोलले नाहीत.

मग एका सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. ते दुकान सोडून पांधणीच्या तोंडाशी गेले असावेत.

"चिखल वाळला," ते म्हणाले. "पयली बंडी आत्ताच गेली. माह्या डोयासमोर. लाव."